टर्बो इंजिनातील बाह्य बदल : शक्ती, ताण आणि वॉरंटी

जबलपूर आणि नर्मदा खोऱ्यातील काळ्या जमिनीत वेळेची किंमत मोठी आहे. पूर्वी या भागात 'हवेली' पद्धत रूढ होती. उंच बांधांच्या शेतात पावसाळाभर पाणी अडवून ठेवले जाई. पावसाळा सरला की ते सोडून दिले जाई आणि वाफसा येताच गहू-हरभऱ्याची पेरणी उरकली जाई. आज बहुतेक ठिकाणी खरिपात भात आणि रब्बीत गहू घेतला जातो. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये थोडेच दिवस हाती असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर थांबला, तर तो केवळ यंत्राचा बिघाड राहत नाही. पेरणी लांबते आणि गव्हाचे दाणे भरताना पीक मार्चच्या उन्हात सापडते.

या घाईतून गेल्या काही वर्षांत एक प्रथा वाढली आहे. ट्रॅक्टर किंवा ट्रक कमी पडतो असे वाटले, की त्याच्या पंपाची सेटिंग वाढवली जाते, मोठे नोझल बसवले जातात किंवा संगणकनियंत्रित इंजिनात 'चिप' जोडली जाते. काम सोपे असते, खर्च फार नसतो आणि फरक त्याच दिवशी जाणवतो. त्याची किंमत मात्र पुढे मोजावी लागते आणि तिचा पहिला हप्ता बहुधा वॉरंटीच्या रूपाने जातो. हा व्यवहार शेतकऱ्याने आणि त्याला सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

अधिक शक्तीची मागणी कोठून येते?

ही मागणी खोटी नाही. शेतीतील अवजारे बदलली आहेत. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाने भाताचे अवशेष न जाळता त्यातच हॅपी सीडरने गहू पेरण्याच्या संवर्धित शेती पद्धतीवर काम केले आहे. हॅपी सीडर, सुपर सीडर, रुंद रोटाव्हेटर आणि स्ट्रॉ रीपर या अवजारांना पूर्वीच्या नांगर-वखरापेक्षा पीटीओवर बरीच अधिक शक्ती लागते. शेतकऱ्याकडे मात्र जुना पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असतो. नवे अवजार भाड्याने मिळते, पण नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर कर्ज काढावे लागते.

वाहतुकीचीही हीच गोष्ट आहे. जबलपूरचा हिरवा मटार 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत निवडला गेला आहे. तोडलेला मटार ढिगात लवकर तापतो आणि त्याचा हिरवेपणा उतरतो, म्हणून तो शक्य तितक्या लवकर बाजारात पोहोचवावा लागतो. नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकला लखनादौन, सिवनी ओलांडून कुरई घाट पार करावा लागतो. भरलेला ट्रक चढावर मंदावला, की चालकाला इंजिन 'वाढवून' घेण्याचा मोह होतो.

कौशल्याचीही उणीव नाही. जबलपूर हे यंत्रांचे शहर आहे. येथील व्हेईकल फॅक्टरीत सैन्यासाठी शक्तिमान आणि पुढे स्टॅलियन ट्रक तयार झाले. इंजिन उघडून पुन्हा जुळवणारे हात येथे गल्लोगल्ली सापडतात. म्हणून प्रश्न मेकॅनिकाला काम येते की नाही, हा नसतो. इंजिनाच्या आरेखनात वाढीव भार सोसण्यासाठी किती जागा ठेवली आहे आणि त्या जागेबाहेर गेल्यास नुकसान कोण भरून देणार, हा खरा प्रश्न आहे.

टर्बो इंजिनाचे काम

डिझेल इंजिनाची शक्ती डिझेलातून येते, पण किती डिझेल जाळता येईल हे हवा ठरवते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात पूर्ण भारावरही इंजिनाला याहून बरीच जास्त हवा पुरवावी लागते, कारण सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा यांचे मिश्रण होण्यास फारच कमी वेळ मिळतो. टर्बोचार्जर हे काम करतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन पुढे जाते.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट अशी की टर्बो इंजिनात हवा जास्त असल्यामुळे थोडे अधिक डिझेल सोडताच शक्ती लगेच वाढते. साध्या इंजिनात अधिक डिझेल सोडले तर काळा धूर पटकन दिसतो, टर्बो इंजिनात तो उशिरा दिसतो. त्यामुळे सर्व काही ठीक आहे असा भ्रम निर्माण होतो. दुसरी गोष्ट अशी की कंपनीने इंजिनाची जी मर्यादा ठरवलेली असते, ती पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंग, रेडिएटर, क्लच आणि गिअरबॉक्स या सर्वांचा एकत्र विचार करून ठरवलेली असते. पंपाचा स्क्रू फिरवल्याने डिझेल वाढते, पण रेडिएटर मोठा होत नाही आणि क्लचही जाड होत नाही.

उष्णतेचा हिशेब

एक साधे गणित करू. पीटीओवर ५० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट देणारा ट्रॅक्टर घ्या. पूर्ण भारावर त्याला प्रत्येक किलोवॅट-तासाला सुमारे २६० ग्रॅम डिझेल लागते असे धरले, तर तासाला साधारण साडेनऊ किलो, म्हणजे साडेअकरा लिटरच्या आसपास डिझेल लागेल. या डिझेलात सुमारे ११३ किलोवॅट इतकी ऊर्जा असते. त्यापैकी ३७ किलोवॅट कामी येते. उरलेली ७६ किलोवॅट उष्णता रेडिएटर, तेल आणि सायलेन्सर यांतून बाहेर टाकावी लागते.

आता सेटिंग वाढवून शक्ती २० टक्क्यांनी चढवली आणि कार्यक्षमता तीच राहिली असे मानू. काम सुमारे साडेसात किलोवॅटने वाढेल, पण बाहेर टाकायची उष्णता सुमारे १५ किलोवॅटने वाढेल. याचा अर्थ असा, की एक-एक किलोवॅटच्या पंधरा शेगड्या त्या बोनेटखाली नव्याने पेटवल्या आणि त्यांच्यासाठी पंखा, रेडिएटर किंवा तेल यांत काहीही वाढवले नाही. हवा अपुरी पडून डिझेल अर्धवट जळू लागले, तर हिशेब आणखी बिघडतो. काळा धूर म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेले आणि न जळता वाया गेलेले डिझेल होय.

जबलपूरच्या परिस्थितीत हा ताण अधिक असतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा मुळातच थोडी विरळ असते. २५ अंश सेल्सिअसला असणाऱ्या हवेच्या तुलनेत ४० अंशांची हवा आणखी सुमारे पाच टक्क्यांनी विरळ होते. गव्हाची कापणी, मळणी आणि भुसा गोळा करण्याची कामे याच उन्हात आणि धुळीत चालतात. हवा कमी, रेडिएटरची जाळी भुशाने भरलेली आणि डिझेल मात्र वाढवलेले, अशा स्थितीत इंजिन सर्वाधिक तापते.

या तापाचे परिणाम ठरावीक क्रमाने दिसतात. आधी तेल पातळ होऊन लवकर काळे पडते. मग टर्बोच्या दांड्याच्या बेअरिंगची झीज होते आणि हवेच्या नळीत तेल दिसू लागते. पुढे हेड गॅस्केट सुटते, पिस्टनच्या माथ्यावर तडे जातात किंवा रिंगा चिकटतात. ही साखळी पूर्ण होण्यास एखादा हंगामही लागू शकतो. म्हणूनच सेटिंग वाढवणे आणि इंजिन बसणे यांचा संबंध अनेकांच्या ध्यानात येत नाही.

प्रचलित बदल आणि त्यांचे परिणाम

१. *पंपाचे सील तोडून डिझेल वाढवणे.* यांत्रिक पंपावर कमाल डिझेल आणि कमाल फेरे यांच्या स्क्रूंना कंपनीचे सील असते. ते तुटले की पंपाची आणि बहुधा संपूर्ण इंजिनाची वॉरंटी वादात सापडते. गव्हर्नरची सेटिंग बदलून फेरे वाढवल्यास पीटीओचेही फेरे वाढतात. ५४० फेऱ्यांसाठी बनवलेल्या अवजाराचे गिअर, साखळी आणि पाती यांवर त्याचा ताण येतो, आणि मळणी यंत्राच्या बाबतीत तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

२. *मोठे किंवा दुसऱ्या मॉडेलचे नोझल.* फवाऱ्याचा कोन आणि थेंबांचा आकार बदलतो. डिझेल सिलिंडरच्या भिंतीवर पडते, तेलाचा थर धुतला जातो आणि तेलात डिझेल मिसळते.

३. *चिप किंवा सॉफ्टवेअर बदल.* कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि त्याचे नियंत्रण ईसीयू हा संगणक करतो. बाहेरची चिप अनेकदा दाबाच्या सेन्सरचा खोटा संकेत ईसीयूला देते. ईसीयूला दाब कमी वाटतो आणि तो खरा दाब वाढवत जातो. इंजिनाचे रक्षण करणारी व्यवस्थाच येथे आंधळी केली जाते.

४. *साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो बसवणे.* मुळात टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टन, व्हॉल्व्ह आणि तेलाचा पुरवठा त्यानुसार ठेवलेला असतो. साध्या इंजिनाला ही तयारी नसते.

५. *एअर फिल्टर किंवा सायलेन्सर काढणे.* आवाज वाढतो, म्हणून शक्ती वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात फिल्टरविना गेलेली धूळ टर्बोच्या चक्राची पाती वाळूच्या कागदासारखी घासते. सायलेन्सर नसलेल्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसणाऱ्या चालकाची श्रवणशक्ती कायमची कमी होऊ शकते.

६. *धूरनियंत्रण व्यवस्था बंद करणे.* १ एप्रिल २०२० पासून ट्रकांना भारत स्टेज-६ आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना ट्रेम स्टेज-४ मानके लागू झाली. अशा वाहनांतील ईजीआर, काजळी अडवणारा फिल्टर किंवा युरिया द्रावणाची यंत्रणा बंद केल्यास वॉरंटीबरोबर कायद्याचाही भंग होतो.

वॉरंटी कशाची असते?

वॉरंटी म्हणजे 'काहीही झाले तरी दुरुस्ती फुकट' असे वचन नव्हे. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वापर व देखभाल केल्यास, ठरावीक वर्षे किंवा ठरावीक तास यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, घडणीतील किंवा साहित्यातील दोष कंपनी दूर करेल, एवढीच ती हमी असते. घासून झिजणारे भाग, फिल्टर आणि तेल बहुधा तिच्यात नसतात. टायर, बॅटरी आणि काही वेळा डिझेल पंप यांची हमी त्या भागाचा मूळ उत्पादक स्वतंत्रपणे देतो. अतिरिक्त पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा वेगळ्या असू शकतात. म्हणून दोन्ही कागद वेगवेगळे वाचावेत.

जवळजवळ प्रत्येक हमीपत्रात छेडछाड, अनधिकृत बदल, क्षमतेपेक्षा अधिक भार आणि चुकवलेली सर्व्हिस ही अपवादाची कारणे दिलेली असतात. येथे शेतकऱ्याने दोन टोकांच्या समजुती टाळाव्यात. 'गुपचूप सेटिंग केली, कोणाला कळणार' ही एक. 'बाहेरच्या मेकॅनिकाने हात लावला की सगळी वॉरंटी गेली' ही दुसरी.

दुसऱ्या समजुतीविषयी एक निर्णय लक्षात घेण्यासारखा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटारकार उत्पादकांविरुद्ध आदेश दिला. स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्यात म्हटले होते. हा आदेश मोटारकारांविषयी होता आणि त्यावर पुढे अपिलेही झाली. तो ट्रॅक्टरला जसाच्या तसा लागू होतो असे म्हणता येणार नाही. पण त्यामागील तत्त्व उपयोगी आहे. बदल आणि बिघाड यांच्यात कार्यकारण संबंध असला पाहिजे. अमेरिकेतही १९७५ च्या वॉरंटीविषयक कायद्याच्या आधारे ग्राहक अशीच भूमिका मांडतात.

हे तत्त्व दोन्ही बाजूंनी चालते. पंपाची सेटिंग वाढवलेल्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टमधील ओतकामात मुळातच चीर असेल, तर तो दोष पंपामुळे आला असे म्हणणे कठीण आहे आणि शेतकऱ्याने तो दावा सोडू नये. मात्र पिस्टन, टर्बो, क्लच किंवा गिअरबॉक्स गेला असेल, तर वाढवलेल्या डिझेलाचा संबंध सहज जोडता येतो. इंजिनातील सर्वांत महाग दुरुस्त्या नेमक्या याच यादीत आहेत.

बदल कसा उघड होतो?

यांत्रिक इंजिनात तुटलेले सील, बदललेल्या स्क्रूची खूण, नोझलवरील क्रमांक, पिस्टनच्या माथ्याचा रंग व वितळल्याच्या खुणा आणि टर्बोच्या चक्रावरील ओरखडे पुरेसे बोलके असतात. पंप चाचणी बाकावर चढवला, की प्रत्येक फेऱ्याला किती डिझेल सोडले जाते हे मोजता येते आणि ते कंपनीच्या तक्त्याशी ताडता येते.

संगणकनियंत्रित इंजिनात आणखी नोंदी सापडतात. कमाल फेरे, तापमान ओलांडल्याच्या घटना, टर्बोचा दाब, सॉफ्टवेअरची आवृत्ती अशी माहिती ईसीयूत राहू शकते. सर्व्हिसला नेण्यापूर्वी चिप काढून ठेवली, तरी तिच्या काळात घडलेल्या घटना पुसल्या जातातच असे नाही. 'परत मूळ सेटिंग करून देतो' हे आश्वासन म्हणून फारसे भरवशाचे नसते.

कायद्याची बाजू

ट्रॅक्टर हे मोटार वाहन कायद्याखाली नोंदणी होणारे वाहन आहे. या कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेले तपशील आणि नोंदणीपत्रातील तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ स्पष्ट करून उत्पादकाच्या मूळ तपशिलांचे महत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ८७ हेही महत्त्वाचे आहे. हानी झाली त्या वेळी उत्पादनाचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात फेरबदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही. विम्याच्या बाबतीतही न कळवलेला बदल वादाचे कारण ठरू शकतो. वाढवलेल्या इंजिनाला शेतात आग लागली, तर वॉरंटी, विमा आणि उभे पीक अशा तीन ठिकाणी एकाच वेळी तोटा होण्याची शक्यता असते.

कस्टम हायरिंग केंद्र चालवणाऱ्या तरुणांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. मध्य प्रदेशात कृषी अभियांत्रिकी संचालनालयाच्या योजनेतून अनुदान व बँककर्ज घेऊन अशी केंद्रे उभी राहिली आहेत. तेथे ट्रॅक्टर हंगामात दिवस-रात्र चालतो, चालक बदलतात आणि कर्जाचे हप्ते मात्र ठरलेल्या तारखेलाच येतात. वॉरंटी गमावलेले यंत्र बंद पडल्यास केंद्राचे उत्पन्न थांबते, हप्ता थांबत नाही.

शक्ती वाढवण्याआधी गळती शोधा

ट्रॅक्टर कमी पडतो असे वाटते, तेव्हा बहुतेक वेळा इंजिनाची शक्ती वाटेतच गळत असते. म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात.

*चाकाची घसर मोजा.* मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून, शेतातच, चाकाचे दहा फेरे होईपर्यंतचे अंतर मोजा. मग अवजार जमिनीत घालून नेहमीच्या गिअरमध्ये पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजा. पहिले अंतर ४१ मीटर आणि दुसरे ३३ मीटर भरले, तर ८ मीटर घसर झाली, म्हणजे सुमारे साडेएकोणीस टक्के. ओढकामात १० ते १५ टक्के घसर योग्य मानली जाते. याहून जास्त घसर असताना इंजिनाची शक्ती वाढवली, तर ती केवळ टायर झिजवते. अशा वेळी चाकावर वजन वाढवावे, टायरमधील हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे ठेवावा किंवा अवजाराची खोली कमी करावी.

*हवा आणि डिझेलची वाट मोकळी करा.* चोंदलेला एअर फिल्टर, मळलेला डिझेल फिल्टर, सैल झालेली टर्बोची नळी आणि भुशाने भरलेली रेडिएटर व इंटरकूलरची जाळी ही शक्ती घटण्याची नेहमीची कारणे आहेत. टर्बोची एखादी पकड सुटली, तरी दाब निसटतो आणि मेकॅनिक मात्र पंप वाढवून देतो.

*नोझल व पंप अधिकृत ठिकाणी तपासून घ्या.* मूळ सेटिंगवर आणणे आणि सेटिंग वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तपासणीचा कागद आणि नव्या सीलची नोंद जपून ठेवा.

*अवजार जुळवा.* रोटाव्हेटरची पाती बोथट असतील, तर तीच माती कापायला अधिक शक्ती लागते. ट्रॅक्टरला न झेपणारे रुंद अवजार घेण्यापेक्षा कमी रुंदीचे अवजार योग्य गिअरमध्ये सलग चालवल्यास दिवसअखेर क्षेत्र अनेकदा फारसे कमी भरत नाही.

*टर्बोची शिस्त पाळा.* इंजिन सुरू केल्यावर लगेच जोर देऊ नका. भारावर चालवल्यानंतर दोन-तीन मिनिटे मंद गतीवर ठेवून मगच बंद करा. एकदम बंद केल्यास तेलाचा पुरवठा थांबतो, चक्र गरमच राहते आणि तेल तेथेच जळून चिकटते.

ट्रकच्या बाबतीत घाटातील उपाय साधा आहे. परवानगीइतकाच माल भरावा, चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. कुरई घाटात वाचलेली थोडी मिनिटे टर्बो बदलण्यात जाणाऱ्या दिवसांची भरपाई करू शकत नाहीत.

खरेदीपूर्वी बुदनीचा अहवाल वाचा

खरोखर अधिक शक्ती हवी असेल, तर ती खरेदीच्या वेळीच निवडावी. जबलपूरपासून नर्मदेच्या प्रवाहाने खाली गेले, की सीहोर जिल्ह्यात नर्मदाकाठी बुदनी येथे केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. १९५५ पासून कार्यरत असलेल्या या संस्थेत ट्रॅक्टर व इतर कृषी यंत्रांची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओवरील प्रत्यक्ष कमाल शक्ती, इंधनाचा वापर, ओढशक्ती आणि सुमारे ४३ अंश तापमानातील कामगिरी यांची नोंद असते.

जाहिरातीत इंजिनाची अश्वशक्ती ठळक छापलेली असते, पण अवजाराला मिळते ती पीटीओची शक्ती, आणि ती साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी असते. म्हणून अवजाराच्या पुस्तिकेत सांगितलेली गरज पीटीओच्या आकड्याशी ताडावी, आणि तीही उन्हाळ्यातील चाचणीच्या आकड्याशी. ५० अश्वशक्तीचे इंजिन आणि ५० अश्वशक्ती मागणारे अवजार अशी जोडी मुळातच कमी पडते. अनेकदा 'पंप वाढवून देण्याची' मागणी याच चुकीच्या जोडीतून जन्म घेते.

जुना टर्बो ट्रॅक्टर घेणाऱ्याने पंपाचे सील, धुराचा रंग, तेलाच्या झाकणातून येणारी वाफ आणि तासमापकातील आकडा पाहावा. सर्व्हिसची पुस्तिका मागून घ्यावी. उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे कंपनीकडून लेखी विचारावे.

दावा नाकारला गेल्यास

बदल केलेला नसतानाही कधीकधी दावा नाकारला जातो. अशा वेळी वादावादीपेक्षा कागद उपयोगी पडतो. नकाराचे कारण लेखी मागावे. खराब झालेले भाग सोडून देऊ नयेत. ते खोलताना स्वतः किंवा जाणकार व्यक्तीने उपस्थित राहावे आणि सीलची व भागांची छायाचित्रे काढावीत. प्रत्येक जॉब कार्डाची प्रत आणि तेल-फिल्टरची बिले एका फाईलमध्ये ठेवावीत.

कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडून उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. खरेदीची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार तेथे दाखल होते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच यंत्र घेतले असेल, तर तो 'व्यापारी हेतू' धरला जात नाही आणि शेतकरी ग्राहक ठरतो. दोष तपासण्यासाठी वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. अशा तपासणीत अखंड सील हा शेतकऱ्याचा सर्वांत भक्कम साक्षीदार ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील सभेत 'सेटिंग करू नका' एवढेच सांगून भागणार नाही. ज्याचे अवजार अडले आहे, त्याला दुसरी वाट दाखवावी लागेल. चाकाची घसर मोजण्याचे प्रात्यक्षिक शेतातच घ्यावे. त्यासाठी खडू आणि मोजपट्टी पुरते. कापणीच्या आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, रेडिएटर व फिल्टर सफाईचा एक दिवस ठरवावा. भाताच्या कापणीपूर्वी गावातील ट्रॅक्टर आणि भाड्याने मिळणारी अवजारे यांची पीटीओ शक्तीनुसार यादी करावी, म्हणजे चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरामागे सुपर सीडर जोडण्याची वेळ येणार नाही. स्थानिक मेकॅनिकांनाही या सभेला बोलवावे. पंप मूळ सेटिंगवर आणून देण्याचे आणि वेळेवर देखभाल करण्याचे काम त्यांनाही उत्पन्न देते, आणि त्यात ग्राहकाचे नुकसान नसते.

टर्बो इंजिनात बाहेरून वाढवलेली शक्ती नव्याने निर्माण होत नाही. उत्पादकाने उन्हासाठी, धुळीसाठी आणि वर्षानुवर्षांच्या वापरासाठी जी राखीव जागा ठेवली, तिच्यातूनच ती उचललेली असते. ती उचल एखाद्या पेरणीला उपयोगी पडेलही. पण यंत्राचे आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब असले, तरच ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या मालकीचा होतो. पंपावरचे छोटेसे सील या दृष्टीने सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकेच जपण्यासारखे आहे.